तक्रारदाराच्या फाइलीचे काय?

जमिनीची सनद, रहिवासी दाखला, एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढविणे, यांपैकी एखाद्या कामासाठी सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या गोमंतकीयाला ‘चहापाण्या’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सांगावा लागतो तो कायदा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा असला, तरी २०१८ च्या दुरुस्तीने त्यात सामान्य माणसाच्या दृष्टीने मोठा पालट झाला. लाच देणे हा आता स्वतंत्र गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नाइलाजाने लाच द्यावी लागलेल्यास सूट आहे. मात्र त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना अथवा तपास यंत्रणेला कळविले पाहिजे. आठव्या दिवशी नाडला गेलेला माणूसच आरोपी ठरण्याचा धोका उभा राहतो.

तेव्हा मागणी झाल्यावर, पैसे देण्यापूर्वीच तक्रार करणे श्रेयस्कर. राज्य सरकारच्या नोकराविरुद्ध दक्षता संचालनालयाच्या लाचलुचपत प्रतिबंधक शाखेकडे जावे, केंद्र सरकारच्या नोकराविरुद्ध सीबीआयकडे. कोणी, केव्हा, कोणत्या कामासाठी आणि किती रक्कम मागितली, एवढे अर्जात स्पष्ट असावे. मग मागणीची पडताळणी होते, पंच बोलावले जातात, नोटांचे क्रमांक टिपून त्यांना फिनॉल्फ्थेलीनची पूड लावली जाते. त्या नोटा हाताळणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडविले की पाणी गुलाबी होते.

परंतु गुलाबी पाण्याने पैसे हातात पडल्याचे कळते. ते मागितले होते, हेही न्यायालयात सिद्ध व्हावे लागते. तक्रारदार उलटला वा मरण पावला, तरी अन्य पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला. पडताळणीचे ध्वनिमुद्रण आणि पंचांची साक्ष यांचे मोल त्यामुळे वाढले आहे. अधिकाऱ्याने घेतलेल्या शासकीय निर्णयाची चौकशी करण्यास सरकारची पूर्वसंमती लागते. लाच घेताना जागीच पकडलेल्यास हे कवच नाही. खटला भरण्याची मंजुरी मात्र लागतेच. ती तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात, द्यावी, असे कायदा म्हणतो.

इतके असूनही माणसे तक्रार का करीत नाहीत? त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. आमच्या मते कारण अगदी व्यावहारिक आहे. सापळा यशस्वी झाला, कारकून निलंबित झाला, वृत्तपत्रांत चार ओळी छापून आल्या. तक्रारदाराची फाइल मात्र त्याच कचेरीत, त्याच कारकुनाच्या सहकाऱ्यांपुढे पडून राहते. तिच्यात नित्य नवी त्रुटी सापडू लागते. लाच घेणाऱ्याला न्यायालय कधी काळी शिक्षा देईल. पण प्रामाणिकपणाबद्दल तक्रारदाराला होणारी शिक्षा त्याच दिवसापासून सुरू होते.

याला उपाय आहे. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा गोव्याने २०१३ मध्येच केला. सापळा पडला त्याच दिवशी तक्रारदाराची फाइल अन्य अधिकाऱ्याकडे सोपवावी आणि विहित मुदतीत तिचा निकाल लावण्यास खातेप्रमुखाला जबाबदार धरावे. काम नियमात बसत नसेल, तर तसे कारणांसह लेखी कळवावे. यासाठी तिजोरीवर भार पडणार नाही.

सरकारला हे रुचेल काय? २०२० मध्ये पदावरून उतरताना लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा यांनी, आपल्या अहवालांवर सरकारने कारवाई केली नाही, अशी खंत जाहीरपणे बोलून दाखविली होती. जेथे लोकायुक्तांचे अहवाल धूळ खात पडतात, तेथे एकट्यादुकट्या अर्जदाराने कशाच्या भरवशावर पुढे यावे? कायद्याने नागरिकाला सात दिवसांची मुदत घातली आहे. त्याच्या फाइलीला तशीच मुदत घालून ती पाळून दाखवावी, एवढेच आमचे सरकारला सांगणे आहे.