खेळांतील एक वसुली

व्हिडिओ-खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय, हा वडीलधाऱ्यांचा समज सर्वांशीं खरा नाहीं. उदाहरणार्थ, २०१८ सालीं निघालेला 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा खेळ आम्ही वाचकांपुढें ठेवतों. काळ १८९९ चा, स्थळ अमेरिका, नायक आर्थर मॉर्गन नांवाचा दरोडेखोर. टोळीच्या सावकारीची वसुली करतांना तो टॉमस डाउन्स या आजारी ऋणकोस बेदम मारतो. त्याच्या खोकल्यांतील रक्त आर्थरच्या तोंडावर उडतें, आणि पुढें त्यालाही क्षय जडतो. मृत्यूच्या छायेंत हा मनुष्य आपल्या कृत्यांचा हिशेब मांडूं लागतो. कादंबरींत हें आपण दुरून वाचलें असतें. येथें तो प्रहार खेळणाऱ्याच्याच हातून करविला जातो, व तो टाळण्याची सोय नाहीं. पुढील वर्तन मात्र बरेंचसें त्याच्या स्वाधीन. मरण चुकत नाहीं. तें कसें यावें, एवढेंच त्या वर्तनानें बदलतें. हिंसा विपुल असल्यानें हा खेळ मुलांच्या हातीं मुळींच देऊं नये. परंतु घरांतील प्रौढ चिरंजीव तो खेळत असल्यास, 'बंद कर' म्हणण्यापूर्वीं वडिलांनीं एवढेंच विचारावें: "त्या वसुलीनंतर तुझा आर्थर कसा वागला?"