विभागात शिकवतंय कोण?

जालना म्हटलं की सळ्या आणि बियाणं. एमआयडीसीत भंगार वितळवून बिलेट ओततात, तेच तापवून रोलिंग मिलमध्ये लाटले की सळई तयार. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणं कंपनी उभी केली ती याच गावात. मेकॅनिकल किंवा केमिकल शिकवणाऱ्याला आणखी काय हवं? मुंबईत 1933 साली सुरू झालेल्या, जुन्या लोकांच्या यूडीसीटीनं, म्हणजे आजच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेनं, 2018 मध्ये मराठवाड्यातला परिसर जालन्यातच सुरू केला. पाच वर्षांच्या एकात्मिक एम.टेक.मध्ये कारखान्यातल्या प्रशिक्षणाला तिथं मोठा वाटा आहे. पण इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात ते होस्टेल, बस आणि प्लेसमेंट. विभागात शिकवतंय कोण, हे विचारायला संकोच कसला? तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईचा निकष वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. साठ जागांच्या शाखेत चार वर्षांची मिळून 240 मुलं, म्हणजे शिक्षक 12. त्यातही प्राध्यापक, सहयोगी आणि सहायक यांचं प्रमाण 1:2:6. कागदावर हे जुळतंच (कागद मोठा सोशिक). प्रत्यक्षात मात्र राज्यभर कितीतरी विभाग तासिका तत्त्वावरच्या तरुणांच्या खांद्यावर चालतात, आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथं असू का, हे त्यांनाच ठाऊक नसतं. तेव्हा पालकहो, फी भरण्याआधी विभागात जा, भिंतीवरची नावांची पाटी वाचा आणि यातले कायम किती, हे स्पष्ट विचारा.