कंग्राळीचा काळा पडदा

18 फेब्रुवारी 2023 हा दिवस महाशिवरात्रीचा होता. दिल्लीच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया यांच्यातील दुसऱ्या कसोटीचा दुसरा दिवस होता आणि उपवास करून घरी बसलेल्या माणसाला दुपार काढावयास याहून चांगले साधन नव्हते. पण त्या दिवशी देशातील कोट्यवधी घरांतील दूरचित्रवाणीचे पडदे काळे पडले. वीज गेली नव्हती, तार तुटली नव्हती, ग्राहकांनी पैसेही थकवले नव्हते. स्टार, झी व सोनी या तीन मोठ्या प्रक्षेपक कंपन्यांनी, नव्या दराच्या करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे प्रक्षेपण बंद केले होते. केबल कंपन्यांच्या महासंघाच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे साडेचार कोटी घरांना याची झळ लागली. कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली. रवींद्र जडेजाने 42 धावांत 7 बळी घेऊन ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव 113 धावांत गुंडाळला. ज्यांच्या घरी या महासंघाच्या सभासदांची केबल होती त्यांना ही गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचावी लागली. वर्तमानपत्रवाल्यांना यात समाधान वाटावे असे काहीजण म्हणतील. आम्हाला ते वाटले नाही.

त्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेत महिलांची विश्वचषक स्पर्धा चालू होती. 20 तारखेस सांगलीच्या स्मृती मानधनाने आयर्लंडविरुद्ध 87 धावा काढल्या व संघाला उपांत्य फेरीत नेले. आपल्या कृष्णाकाठची मुलगी जगाच्या मैदानावर खेळत होती, आणि तिचा खेळ दाखविणारी वाहिनी त्या केबलवर नव्हती.

भांडण कशाचे होते? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 22 नोव्हेंबर 2022 रोजी दरांचे नियम बदलले. अनेक वाहिन्यांच्या गठ्ठ्यात जी वाहिनी घालावयाची तिची कमाल किंमत 19 रुपये ठरली आणि 1 फेब्रुवारी 2023 पासून नवे दर लागू झाले. प्रक्षेपकांनी त्याच्या आधारे आपले दर वाढविले. केबलवाले म्हणाले, एवढी वाढ आम्ही गिऱ्हाइकाच्या माथी मारली तर तो उठून दुसरीकडे जाईल. प्रक्षेपक म्हणाले, सही करा, नाहीतर वाहिन्या बंद. महासंघ केरळ उच्च न्यायालयात गेला. आठवडाभराच्या आत तडजोड होऊन पडदे पुन्हा उजळले. या सबंध व्यवहारात, ज्याच्या खिशातून अखेर पैसे जातात त्या प्रेक्षकाला कोणी एक शब्द विचारला नाही. त्या दिवसांत झी मराठी व स्टार प्रवाहवरील मालिकाही अदृश्य झाल्या. पण मालिका चार दिवसांनी पाहिली तरी तिची सासू तीच राहते. सामन्याचे तसे नाही. शिळा सामना म्हणजे नुसता निकाल. कंपन्यांना हे पुरते ठाऊक आहे, म्हणूनच असली भांडणे बहुधा ऐन हंगामात पेटतात. सामना हे दोन्ही पक्षांच्या हातातील ओलीस असते.

आम्ही हा प्रश्न कंग्राळीच्या दृष्टीने पाहू इच्छितो. चोर्ल्याचा घाट चढून बेळगावला जाणाऱ्या आमच्या वाचकांना कंग्राळी बुद्रुक व कंग्राळी खुर्द ही गावे अपरिचित नाहीत. शहराला खेटलेली, मराठी बोलणारी, शेताइतकाच कारखान्याच्या पाळीवर जगणारी ही गावे. बेळगावच्या मातीला खेळाचे वेड जुने आहे. 1964 साली टोकियोला सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघात बेळगावचे बंडू पाटील होते. कुस्ती आणि कबड्डी तर या भागाच्या रक्तातच आहे. अशा गावातील एखादे घर महिन्याला केबलचे बिल भरते तेव्हा त्याच्या पदरात काय पडते, हे नीट पाहिले पाहिजे.

पूर्वी ही कटकट नव्हती. सीमाभागातील घरात रेडिओची खुंटी थोडी इकडे फिरवली की धारवाडचे कन्नड लागे आणि थोडी तिकडे फिरवली की पुणे-सांगलीचे मराठी. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकावयास कोणाला आपण कोणत्या राज्याचे रहिवासी आहोत याचा दाखला द्यावा लागत नव्हता. राज्यपुनर्रचनेने जमिनीवर रेघ ओढली. हवेतील लहरींना ती रेघ दिसली नाही. ती रेघ दिसू लागली केबलच्या गठ्ठ्यांना. हे गठ्ठे भाषावार बांधलेले असतात. कर्नाटकात विकले जाणारे तयार गठ्ठे साहजिकच कन्नड वाहिन्यांभोवती उभे राहतात. कन्नड वाहिन्यांचे आम्हाला वावडे नाही. बेळगावचा मराठी माणूस कन्नड सिनेमाही आवडीने पाहतो. पण ज्याला घरातील बायकामाणसांसाठी मराठी मालिका हव्यात, मुलांसाठी क्रिकेट हवे, त्याला तयार गठ्ठ्यावर आणखी एक गठ्ठा चढवावा लागतो. म्हणजे आपल्या भाषेसाठी वेगळे मोल आणि खेळासाठी वेगळे मोल. या दुहेरी मोलानंतरही भांडणाच्या दिवशी पडदा काळाच.

या भूमिभाड्याचे, म्हणजे वाहिन्या घरात आणून देण्याच्या मूळ आकाराचेही तेच. 2019 साली नवी व्यवस्था आली तेव्हा या आकाराला कर वगळून 130 रुपयांची कमाल मर्यादा होती. 2024 च्या जुलैमध्ये ट्रायने ती मर्यादाच काढून टाकली. स्पर्धा असल्यामुळे दर आपोआप ताब्यात राहील, असा त्यामागचा विश्वास. स्पर्धा कोणाकोणात आहे, ते पुढे येईलच.

येथे कोणी विचारील की दूरदर्शन कुठे गेले? सामने दूरदर्शनला देण्याचा कायदा आहे ना? आहे, आणि त्याची जन्मकथा आमच्या महाराष्ट्रातच सुरू होते. 21 जानेवारी 2007 रोजी नागपुरात भारत व वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना झाला. संघात परतलेल्या सौरव गांगुलीने 98 धावा केल्या आणि भारताने 14 धावांनी सामना जिंकला. पण हक्क निम्बस कंपनीच्या निओ स्पोर्ट्सकडे होते व दूरदर्शनशी तिचे जमले नव्हते. ज्या विदर्भात सामना झाला त्याच विदर्भातील खेड्यांना तो दिसला नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले; न्यायालयाने सात मिनिटे उशिराने प्रक्षेपण देण्याचा तोडगा काढला. सात मिनिटे उशिरा! शेजारच्या घरी फटाके वाजल्यावर आपल्या घरी चेंडू पडावयाचा. मग फेब्रुवारीत केंद्राने वटहुकूम काढला आणि मार्चमध्ये कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्कदाराने प्रसार भारतीला द्यावे आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचे उत्पन्न 75 टक्के हक्कदाराला व 25 टक्के प्रसार भारतीला, अशी त्याची वाटणी. त्याआधी 2004 च्या भारत-पाकिस्तान मालिकेच्या वेळी टेन स्पोर्ट्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले होते. तेव्हा कायदा झाला हे बरेच झाले.

पण कायद्याला एक भोक राहिले आणि ते लहान नाही. केबलवाल्याने दूरदर्शन दाखविलेच पाहिजे असा नियम आहे. त्यामुळे दूरदर्शनवर आलेला सामना आपोआप प्रत्येक केबलधारकाच्या घरी जात असे. क्रिकेट मंडळ व स्टार यांनी याला हरकत घेतली. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्याने मिळालेले प्रक्षेपण प्रसार भारतीने आपल्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून व आपल्या स्वतःच्या मोफत डिशवरून द्यावे. खासगी केबल व डिश कंपन्यांना ते देता येणार नाही. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून आहे व त्यामागचा युक्तिवादही पोकळ नाही. स्टारने 2018 ते 2023 या काळातील भारतातील सामन्यांच्या हक्कांसाठी 6138 कोटी रुपये मोजले होते. एवढे पैसे ओतून विकत घेतलेला माल शेजारच्या वाहिनीवर फुकट मिळू लागला तर कोण तो विकत घेईल? कंपनीची ही बाजू आम्ही नाकारत नाही.

तथापि परिणाम काय झाला तो पाहा. ज्या घरावर दूरदर्शनची मोफत डिश आहे तेथे राष्ट्रीय महत्त्वाचा सामना दिसतो. ज्या घरी केबल आहे, जे घर दरमहा पैसे भरते, त्याच्याकडे दूरदर्शनची वाहिनी असूनही तिच्यावर तो सामना नाही. कायदा ज्यांच्यासाठी केला त्यांतील एक मोठा वर्ग कायद्याच्या बाहेर उभा राहिला. साधी परिस्थिती असेल तर तो पैसे देऊन सामना पाहील, हे ठीक. पण प्रक्षेपक आणि केबलवाला यांचे भांडण जुंपते तेव्हा पैसे देऊनही त्याला पाहता येत नाही आणि फुकटही पाहता येत नाही. कंग्राळीतील केबलधारकाने 2023 च्या त्या आठवड्यासारख्या आठवड्यात काय करावे? छपरावर दुसरी डिश चढवावी?

हे खाते केंद्राला माहीत नाही असे नाही. 2018 साली माहिती व नभोवाणी खात्याने या कायद्यात दुरुस्ती करून सामायिक प्रक्षेपण केबल व डिशधारकांनाही मिळावे असा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, सूचना मागविल्या होत्या. त्या मसुद्याचा कायदा झाला नाही. बड्या कंपन्यांना नको असलेला मसुदा दप्तरात किती शांत झोप घेऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

आणि दरम्यान मैदान बदलले. 2023 ते 2027 च्या आयपीएल हक्कांचा लिलाव झाला तेव्हा दूरचित्रवाणीचे हक्क 23575 कोटींना स्टारकडे व इंटरनेटचे 23758 कोटींना व्हायाकॉम 18 कडे गेले. निदान दोन घरे तरी होती. नोव्हेंबर 2024 मध्ये रिलायन्सच्या व डिस्नेच्या भारतातील वाहिन्यांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि दोन्ही हक्क एकाच छपराखाली आले. हॅथवे व डेन या मोठ्या केबल कंपन्यांत रिलायन्सने त्याआधीच, 2018 साली जाहीर केलेल्या व्यवहाराने, नियंत्रक हिस्सा घेतला होता. मोबाइलचा डेटा विकणारी कंपनीही त्याच घरची. शेत त्यांचे, गिरणी त्यांची आणि दुकानही त्यांचे. अशा वेळी एखाद्या गावातला लहान केबलवाला, ज्याच्याकडे चारपाचशे जोडण्या आहेत, तो दराची घासाघीस कोणाशी करणार? ट्राय ज्या स्पर्धेवर विसंबून आहे ती हीच काय?

गोमंतकातील वाचकांनी हे परक्याच्या घरचे दुखणे समजू नये. आमच्याकडे चेंडू पायाने खेळला जातो एवढाच फरक. फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाचा सामना असला तरी तो घरी पाहावयाचा म्हणजे हक्क कोणाकडे गेले, ती वाहिनी आपल्या केबलवर आहे की नाही, की आता मोबाइलवरच पाहावयाचे, हे सारे हंगामागणिक शोधावे लागते.

ही व्याधी केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत 2023 च्या ऑगस्टअखेरीस डिस्ने व चार्टर या केबल कंपनीचे बिनसले आणि अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेच्या दिवसांत सुमारे दीड कोटी ग्राहकांना ईएसपीएन दिसेना. पुढल्या वर्षी सप्टेंबरात तेच डायरेक्टीव्हीबरोबर. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस यूट्यूब टीव्हीबरोबर, आणि ते भांडण तब्बल दोन आठवडे चालले. तेथील मराठी कुटुंबांनीही हे अनुभवले असेल. एक फरक मात्र नमूद करावासा वाटतो. यूट्यूब टीव्हीने त्या वेळी आपल्या ग्राहकांना 20 डॉलरची सूट देऊ केली. रक्कम थोडी असेल. पण माल न देता पैसे घेणे बरे नव्हे, एवढी जाणीव त्यात आहे.

9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला होता. तो निकाल देणाऱ्या पीठावर न्या. पी. बी. सावंत होते. त्या काळी लहरींवर सरकारची एकाधिकारशाही होती व निकालाने ती मोडली, हे इष्टच झाले. परंतु न्यायालयाने लहरी सरकारच्या हातून काढून घेतल्या त्या जनतेच्या हिताकरिता त्यांचे नियमन व्हावे म्हणून. एका कंपनीच्या हाती सोपविण्यासाठी नव्हे.

प्रक्षेपण तोडण्यापूर्वी तीन आठवड्यांची सूचना द्यावी, असा नियम आजही आहे. सूचनेने फक्त काळा पडदा कोणत्या तारखेस येणार एवढे कळते. दूरसंचार तंटा निवारण लवाद 2000 सालापासून अस्तित्वात आहे. दराचा तंटा त्याच्यापुढे असेपर्यंत जुन्या दराने पैसे घ्यावेत, वाढीव रकमेची हमी लवादाकडे ठेवावी व वाहिनी चालू ठेवावी, असा दंडक घालण्यास कोणती अडचण आहे? वीज मंडळाचा व कारखान्याचा दरावरून वाद झाला म्हणून कोणी गावाची वीज तोडत नाही.

संसदेत बेळगाव, गोवा व कोकणचे प्रतिनिधी बसतात. त्यांनी 2018 चा तो मसुदा कुठे आहे, हे आधी विचारावे. तो पुन्हा पुढे आणताना, भांडणाने ज्या केबलवरील वाहिनी बंद पडेल त्या केबलवर दूरदर्शनचा सामायिक सामना भांडण मिटेपर्यंत दाखविता येईल, असे कलम त्यात घालून घ्यावे. कंपन्यांचे उत्पन्न यात बुडत नाही, कारण त्या दिवसांत त्या घरी त्यांचा माल पोचतच नाही. आणि जितके दिवस वाहिनी बंद, तितक्या दिवसांचे पैसे ग्राहकाने अर्ज न करता, पावती न दाखविता, पुढल्या महिन्याच्या बिलातून वळते झाले पाहिजेत. आणि बेळगाव जिल्ह्यातील बिलावर ते मराठीतही छापलेले असावेत.