आधी पैसे, मग संशय

प्रीपेड मोबाइलबद्दल कुणी तक्रार केली की समोरून ठरलेलं उत्तर येतं. इतका स्वस्त डेटा जगात कुठे मिळतो? एके काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत मोजलेत लोकांनी, तेही इनकमिंगला. तुम्हाला आता कुरकुरायला काय झालं? हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. १९९५ साली देशात मोबाइल आला तेव्हा तो शेठजींच्या कमरेला लटकवायचा दागिना होता. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं, २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा हा दर आणला, २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचे भाव कोसळले. हे सगळं मान्य. मेख आहे ती मापात. जीबीच्या मापानं आपण स्वस्त आहोत. ज्याला जीबी नकोच आहे, पोराचा फोन यावा आणि बँकेचा ओटीपी यावा एवढंच ज्याला हवंय, त्याचं काय?

असा माणूस शोधायला मला लांब जावं लागत नाही. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की डोंगरी लागतं. डोंगरी म्हटलं की लोकांना मुंबईतलं डोंगरी आठवतं. आमचं हे डोंगरी मिरा-भाईंदर महापालिकेतलं, खाडी आणि समुद्राच्या बेचक्यातलं गाव. मेट्रोच्या कारशेडसाठी इथली बारा हजारांवर झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा कुठे पेपरवाल्यांना त्याचा पत्ता लागला. डोंगरी, तारोडी, चौक, पाली, उत्तन हा सगळा पट्टा कोळ्यांचा आणि ईस्ट इंडियनांचा. इथे घरातलं कुणी बोटीवर असतं, कुणी बाजारात मासळी विकायला बसतं, कुणी आखातात नाहीतर मालवाहू जहाजावर असतं. फोन लागतो तो प्रत्येकाला, आणि प्रत्येकाच्या गरजेचं माप निराळं. कंपन्यांकडे मात्र माप एकच: अठ्ठावीस दिवस आणि रोजचे दीड-दोन जीबी.

बोटीवरच्या खलाशाचं बघा. बोट किनारा सोडून काही सागरी मैल आत गेली की टॉवरची काडी गेली. बोट आठवडाभर बाहेर असेल तर रोज दीड जीबीच्या पॅकातले साडेदहा जीबी पाण्यात. ते पुढच्या आठवड्यात मिळत नाहीत. मध्यरात्री बारा वाजले की त्या दिवसाचा कोटा मेला. पैसे मात्र आधीच गेलेले. यावर एक शहाणा युक्तिवाद असा की बुफेत जेवायला गेल्यावर पोटभर खाल्लं नाही तर हॉटेलवाला पैसे परत देतो का? नाही देत. पण ताटभर जेवण नको असणाऱ्याला बुफेशेजारी वडापाव विकत घेता येतो. इथे वडापावची गाडीच उचलून नेली आहे.

ती कशी उचलली, हे नीट सांगायला हवं, कारण इतिहास फार जुना नाही आणि तरी लोक तो विसरलेत. पूर्वी दहा रुपयांचं टॉप-अप मारलं की सात रुपये सत्तेचाळीस पैसे हातात पडायचे. कर आणि प्रोसेसिंग फी जाऊन उरलेले ते सात रुपये पुरवून पुरवून वापरायचे. नाहीतर मिस्ड कॉल द्यायचा, ज्याला गरज असेल तो उलट फोन करील. २००५ च्या अखेरीपासून ‘लाइफटाइम’ कार्डं आली. नऊशे नव्याण्णव रुपये एकदा भरा, इनकमिंग जन्मभर. हे आयुष्य बारा-तेरा वर्षांचं निघालं. २०१८ च्या शेवटी एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानं किमान रिचार्जची अट आणली: अठ्ठावीस दिवसांना पस्तीस रुपये, नाहीतर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंग. खात्यात शिल्लक असलेल्यांनाही रिचार्ज करा म्हणून मेसेज जाऊ लागले, तेव्हा दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनं कंपन्यांना जाब विचारला. पण अट टिकली. आणि पस्तीसचे पंचेचाळीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी, नव्याण्णव करत करत एअरटेलचा तो सर्वांत खालचा पॅक जुलै २०२४ मध्ये एकशे नव्याण्णववर पोचला.

इथे विरोधक मला थांबवतील. पस्तीस रुपयांत बोलायला जेमतेम सव्वीस रुपये मिळत होते, एकशे नव्याण्णवमध्ये अमर्याद बोलता येतं. दोन्हींची तुलना कशी करता? बरोबर आहे. अमर्याद बोलणाऱ्याला हा सौदा फायद्याचाच. पण ज्याला बोलायचंच नाही, ज्याला फक्त फोन यायला हवा, त्याच्यासाठी दार उघडं ठेवायचं भाडं सहा वर्षांत पाच पटींवर गेलं. स्वस्ताईचे सगळे तक्ते खर्चिक ग्राहकाच्या बाजूनं मांडलेले असतात. काटकसर करणाऱ्याला त्या तक्त्यात रकानाच नसतो.

आता तो अठ्ठावीस दिवसांचा महिना. कंपन्यांची बाजू अशी की चार आठवडे म्हणजे नेमका हिशेब, पॅक ज्या वारी घेतला त्याच वारी संपतो. शिवाय एकतीस तारखेला रिचार्ज करणाऱ्याचं फेब्रुवारीत काय करायचं? भाबडा प्रश्न आहे. दूधवाला, पेपरवाला, घरमालक आणि खुद्द याच कंपन्यांचा पोस्टपेड विभाग फेब्रुवारीत काय करतात? खरं कारण साध्या गुणाकारात आहे. अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे तीनशे चौसष्ट. वर्षाला बारा पगार घेणारा माणूस तेरा रिचार्ज मारतो. ट्रायनं २७ जानेवारी २०२२ ला आदेश काढून तीस दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्यानं करता येईल असा किमान एक पॅक प्रत्येक प्रकारात ठेवणं भाग पाडलं. ती तारीख त्या महिन्यात नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरा, हेही सांगून टाकलं. म्हणजे फेब्रुवारीचं कोडं सरकारी कागदावर एका वाक्यात सुटलं. दुकानात मात्र बोर्डावर आजही ठळक अक्षरांत अठ्ठावीस, छप्पन्न, चौऱ्याऐंशी. तीसवाला मागितला तर दुकानदार मोबाइलमध्ये बराच वेळ खाली खाली सरकत राहतो.

तीच गत फक्त बोलण्याच्या पॅकची. डेटा नको असलेल्यांना तो विकत घ्यायला लावू नका, असं ट्रायनं २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीत सांगितलं. कंपन्यांनी जानेवारी २०२५ मध्ये ते पाळलं, आणि कसं पाळलं ते पाहण्यासारखं आहे. एअरटेलच्या चौऱ्याऐंशी दिवसांच्या पाचशे नऊच्या पॅकमध्ये सहा जीबी डेटा होता. डेटा काढून पॅक चारशे नव्याण्णवला लावला. सहा जीबीची किंमत दहा रुपये! जिओनं तसंच चारशे एकोणऐंशीचं चारशे अठ्ठावन्न केलं. आरडाओरड झाली, ट्रायनं दर तपासू म्हटलं, तेव्हा काही दिवसांत हे आकडे चारशे एकोणसत्तर आणि चारशे अठ्ठेचाळीसवर आले. तरीही त्यांचा सगळ्यांत लहान पॅक चौऱ्याऐंशी दिवसांचा होता. रोजावर जगणाऱ्या बाईनं एका दमात साडेचारशे रुपये काढायचे, ही गरिबांसाठीची सोय! शांपू आणि चहापत्ती पुडीत विकून या देशात धंदे उभे राहिले, आणि जो धंदा दहा रुपयांच्या टॉप-अपवर वाढला त्यानंच पुडी बंद केली.

पैशाची बाजू ही अशी. संशयाची बाजू त्याहून बोचरी आहे, कारण तिला सुरक्षेचं कवच आहे. प्रीपेड सिम गुन्हेगार वापरतात, म्हणून ओळख पटवायलाच हवी, हे म्हणणं मी खोडत नाही. ऑनलाइन फसवणुकीत कुणाची आयुष्यभराची पुंजी गेलेली पाहिली की ब्रिटनसारखं ओळखपत्राशिवाय सिम विकावं असं म्हणायची हिंमत होत नाही. माझा आक्षेप ओळख कशी पटवतात याला आहे. उत्तन नाक्यावरच्या एका दुकानात मासळी विकणारी एक मावशी आपलं पहिलं सिम घ्यायला आली होती. आजवर नवऱ्याच्या फोनवर भागत होतं. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात घालून घालून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्र अंगठा घेईना. “मावशी, जरा कोरडा करून लावा.” तिनं पदराला पुसला, पुन्हा लावला. “किती पुसू रे बाबा, आता काय हाड दाखवू?” मग दुसरा मार्ग: मूळ आधार कार्डाचा फोटो, पांढऱ्या भिंतीपुढे तिचा फोटो, डोळे मिचकवा, आणि शेवटी, “दुसरा नंबर सांगा, त्यावर ओटीपी येईल.” फोन घ्यायला आधी फोन हवा. नवरा बोटीवर, त्याचा नंबर कव्हरेजच्या बाहेर. मावशी पाटी उचलून बाजाराला गेली.

या काटेकोरपणाला फळ येतं म्हणावं, तर सरकारच्याच संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहा, अनोळखी दिसला तर कळवा, असं सांगावं लागतं. एका माणसाला नऊ सिमांची मर्यादा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात मर्यादा ओलांडल्याबद्दल पहिल्या वेळी पन्नास हजार आणि पुढे दोन लाखांपर्यंत दंड आहे. कुणी दुकानदारानं अंगठा दोनदा घेऊन दुसरंच सिम चालू केलं तर? ते शोधून काढायचं काम ग्राहकाचं. चाळणी त्याच्यासाठी बारीक आणि आत घुसणाऱ्यासाठी जाडी, अशी ही सुरक्षा.

सरकारच्या मनात प्रीपेडवाल्याची पायरी कुठली, हे काश्मीरनं दोनदा दाखवलं. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथे प्रीपेड सरसकट बंद केलं होतं, जानेवारी २०१० मध्ये ते परत सुरू झालं. २०१९ च्या फोनबंदीनंतर पोस्टपेडचे फोन १४ ऑक्टोबरला वाजू लागले. प्रीपेडवाल्यांना जानेवारी २०२० पर्यंत थांबावं लागलं. बिल घरी येतं तो भरवशाचा, रोखीनं आधी भरतो तो संशयित, असा हा हिशेब. आणि देशातले दहातले नऊ ग्राहक प्रीपेडचे आहेत.

मला हा हिशेब उलटा मांडायचा आहे. पोस्टपेडवाला आधी वापरतो, मग भरतो. तो कंपनीचा ऋणको. प्रीपेडवाला आधी भरतो, तो धनको. वर्षाचा पॅक मारणारा तर कंपनीला वर्षभर बिनव्याजी पैसे वापरायला देतो. सावकाराची रक्कम मुदत संपली म्हणून बुडाली, असं कुठल्या व्यवहारात होतं? इथे होतं. कंपनी बदलायला पोर्ट करा, नंबर येतो, शिल्लक बुडते. ‘परवडत नसेल तर दुसरीकडे जा, २०११ पासून पोर्टची सोय आहे’ हा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा आहे. शिवाय खासगी कंपन्या उरल्यात तीन, त्यांचे भाव जुलै २०२४ मध्ये एकदोन दिवसांच्या अंतरानं वाढले. चौथा पर्याय सरकारी. मुंबईत एमटीएनएलचा कारभार १ जानेवारी २०२५ पासून बीएसएनएलकडे गेलाय. स्वस्त आहे, पण डोंगरीच्या उतारावरच्या घरात रेंज मिळवायला गच्चीवर जायचं असेल तर तो पर्याय म्हणणं ही थट्टा आहे.

कंपन्यांना पैसे लागतात, स्पेक्ट्रम महाग आहे, सरकारला देण्याच्या थकबाकीवरच्या निकालानं कंबरडं मोडलंय, एअरटेलचे सुनील मित्तल माणशी तीनशे रुपयांचं उत्पन्न हवं असं कितीदा तरी म्हणालेत. मिळवा की. मिनिटाचा, जीबीचा दर वाढवा. जो जास्त वापरेल तो जास्त देईल. पण वापर न करणाऱ्याकडून मुदतीच्या धाकानं वसुली नको. नंबर नुसता जिवंत ठेवायला किती खर्च यावा, याचा आकडा ट्रायच्या नियमांत २०१३ पासून पडून आहे: नव्वद दिवस वापर नसला आणि खात्यात वीस रुपये असले तर ते कापून आणखी तीस दिवस नंबर राखायचा. वीस रुपये! यात सेवा मिळत नाही, नंबर फक्त दुसऱ्याला जात नाही, हे खरं. मग त्यावर इनकमिंग आणि ओटीपीचा खर्च चढवा, कंपनीचा नफा चढवा, आणि तीस दिवसांची एक पुडी चाळीस-पन्नासला विकायला ठेवा, बोर्डावर सगळ्यांत वर. खात्यातली शिल्लक मुदतीनं मरू नये, पोर्ट करताना ती सोबत यावी. ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्यात त्याच्यासाठी दुसऱ्या नंबराच्या ओटीपीऐवजी टपाल कार्यालयातली किंवा वॉर्ड ऑफिसमधली खातरजमा चालावी. जहाजावर जाणाऱ्या पोराला सहा-आठ महिन्यांसाठी नंबर गोठवून ठेवता यावा. नाहीतर तो परत येईपर्यंत नंबर दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. बंद झालेला नंबर निदान नव्वद दिवस दुसऱ्याला देत नाहीत, हे ट्रायनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलंय, पण नव्वद दिवसांत ना जहाज परततं, ना बँक जुना नंबर खोडते. नवीन सिम घेणाऱ्याला आधीच्या मालकाच्या कर्जाचे वसुलीवाले फोन करतात ते यामुळेच.

यातलं काही व्हायचं तर धनकोनं हिशेब मागायची सवय लावून घ्यायला हवी. प्रीपेड ग्राहकालाही गेल्या सहा महिन्यांच्या वापराचा तपशील पन्नास रुपयांच्या आत मागता येतो, हा नियम २०१२ पासून आहे. नाक्यावरच्या दुकानदाराला मी त्याबद्दल विचारलं. त्यानं काउंटरमागे चिकटवलेल्या पॅकांच्या यादीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, “यात नाहीये साहेब. असं काही असेल तर मलाही एक काढून द्या.”