जुन्या वाड्याचे अंदाजपत्रक

१९५६ साली बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, आणि हैदराबादेत स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचे भालकी, बसवकल्याण, आळंद इकडील वाडे सीमेपलीकडे राहिले. कुळाचारापुरते उघडणाऱ्या या वाड्यांचे करायचे काय, हा प्रश्न भाऊबंदांत निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा एका कागदावरून ठरते. दुरुस्तीपेक्षा नवे बांधणे स्वस्त, असे कंत्राटदाराने त्यात दाखवलेले असते. आमच्या मते तो कागदच चुकीच्या रीतीने मांडलेला असतो.

चौरस फुटाचा दर हा नव्या घराचा हिशोब. जुन्या माळवदाचे दुखणे वरून दिसत नाही. तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे ओल मुरते आणि वाळवी लागते. मधला सागवान पुष्कळदा ठणठणीत असतो. तेव्हा आधी मजूर लावून प्रत्येक खणाच्या कडेची माती उकरावी, तुळईची टोके टोचून पाहावीत, आणि मगच आकडा घालावा. चार तुळया बदलायच्या की चाळीस, यावर सारा खर्च फिरतो. एवढे करूनही शंभरामागे वीस रुपये राखून ठेवावेत. भिंत उघडल्यावर काय निघेल, हे गवंड्यालाही ठाऊक नसते.

दुसरी खोट जमेच्या बाजूची. वाडा पाडणारा सागवान, घडीव दगड, शहाबादी फरशी मजुरीच्या बदल्यात घेऊन जातो आणि मालकाला ते उपकार वाटतात! हाच माल दुरुस्तीत वापरता येतो. त्याची किंमत धरली, तर दोन आकड्यांतील अंतर बरेच मिटते.

आणि सिमेंट. शहाबाद, वाडी या बाजूस चुनखडीचा दगड विपुल, म्हणून कारखाने तिथेच उभे राहिले. हाताशी म्हणून ते स्वस्त वाटते. परंतु चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल कोंडते. बीदरचा जांभा तर मुळातच सच्छिद्र. काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि तेच काम पुन्हा निघते. तो दुसऱ्या वेळचा खर्च अंदाजपत्रकात कधी नसतो.

पडलेले सगळेच उभारायला हवे, असेही नाही. बीदरला महमूद गावानच्या १४७२ च्या मदरशाची ढासळलेली बाजू तशीच ठेवलेली आहे. मागचा पडका सोपा तसाच राहू द्यावा. पहिल्या वर्षी माळवद आणि पन्हळी, मग ओसरी, देवघर, असे टप्पे कागदावर पाडले, तर एकरकमी वर्गणी जड जाणारा धाकटा भाऊही सही करायला तयार होतो.