सत्र संपते, हंगाम नव्हे

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. रिसालीसारख्या वस्त्या या कारखान्याच्या परिसरातच वाढल्या. त्याच दुर्ग जिल्ह्यात कुटेलाभाठा येथे आयआयटी भिलाईचे संकुल आहे आणि भोवतालच्या गावांत आजही धान हेच खरिपाचे मुख्य पीक आहे. अभियंता आणि शेतकरी यांच्यातील अंतर येथे मैलांचे नाही. ते वेळापत्रकाचे आणि विश्वासाचे आहे.

सेवेतून अभियांत्रिकी शिकविण्याची कल्पना नवी नाही. आयआयटी मुंबईतील 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून कार्यरत आहे. २०१४ च्या उन्नत भारत अभियानाने शिक्षणसंस्थांना गावे दत्तक घेण्यास सांगितले. मात्र 'दत्तक' या शब्दातच दोष दडलेला आहे. दत्तक घेतलेल्याला मत नसते, भागीदाराला असते.

धानातील निंदणीयंत्राचेच उदाहरण घ्यावे. ओळींमधून चालणारे यंत्र कागदावर निर्दोष ठरते. परंतु छत्तीसगडमध्ये अनेक शेतकरी धान फेकून पेरतात आणि पुढे उभ्या पिकात नांगर चालवून 'बियासी' करतात. तेथे ओळीच नसतात, मग यंत्र चालणार कोठे? कन्हार जमिनीचा चिखल आणि भाठा जमिनीचा मुरूम यांना एकच पाते पुरत नाही. निंदणी करणाऱ्या स्त्रीला पहिल्याच दिवशी विचारले असते, तर सहा महिन्यांचे श्रम वाचले असते.

दुसरा प्रश्न काळाचा. जुलैमध्ये सुरू झालेले सत्र हिवाळ्याच्या तोंडाशी संपते. नमुना तयार होईपर्यंत निंदणी उरकलेली असते आणि पुढील खरिपात विद्यार्थी बदललेले असतात. अहवालाला गुण मिळतात. यंत्र मात्र कोपऱ्यात गंजते.

म्हणून असे प्रकल्प किमान दोन खरीप हंगामांचे असावेत आणि एका तुकडीने ते पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावेत. विद्यार्थी बदलले तरी कृषी विज्ञान केंद्र जागेवर असते. दुवा म्हणून तेच योग्य. मूल्यमापनातील काही गुण शेतकऱ्यांच्या हाती द्यावेत आणि यंत्राची दुरुस्ती गावच्या लोहाराला जमते का, हीदेखील एक कसोटी ठरवावी.

विद्यार्थ्याला गावाकडून शिक्षण मिळते, हे निश्चित. गावालाही काही मिळाले, तरच त्या व्यवहाराला भागीदारी म्हणता येईल.