परिचारिकेचे गुण

मराठीत 'गुण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. परीक्षेत मिळतात ते गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच. परिचारिकेच्या शिक्षणासाठी विद्यार्थी निवडताना या दोन्ही अर्थांचा विचार व्हायला हवा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात; अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ४० टक्के आहे. इंग्रजीतही उत्तीर्ण व्हावे लागते. हे विषय घेऊन मुक्त विद्यालयातून बारावी झालेले विद्यार्थीही पात्र ठरतात.

ही अट अनाठायी नाही. समजा, बालकाला १२५ मिलिग्रॅम औषध द्यायचे आहे आणि बाटलीतील ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध आहे. परिचारिकेने २.५ मिलिलिटर द्यायला हवे. दशांशचिन्ह एक घर चुकले, तर मात्रा दहापट होते. तेथे केवळ प्रेमळ स्वभाव कामी येत नाही. शिवाय गुणांना ओळखदेख नसते. गुणांवर निवड होते, तेव्हा गरिबाच्या लेकीला वशिल्याची गरज भासत नाही.

परंतु किमान पात्रता सिद्ध झाल्यावर ८२ आणि ८४ टक्क्यांतील फरकाला किती महत्त्व द्यावे? रात्रपाळीत वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाजवळ धीराने कोण उभे राहील, हे त्या दोन टक्क्यांवरून कळत नाही. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली आणि सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडून रुग्णालयांतील अस्वच्छतेकडे लक्ष वेधले. १८६० मध्ये लंडनला त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. करुणा आणि काटेकोरपणा एकाच व्यक्तीत नांदू शकतात, हे त्यांच्या कार्यातून दिसते.

परिषदेने प्रवेश परीक्षेसाठी ठरवलेल्या १०० गुणांपैकी २० गुण परिचर्येच्या कलासाठी आहेत. पाऊल योग्य दिशेने पडले आहे. मात्र हा वाटा वाढायला हवा. रुग्णाने औषध नाकारल्यास प्रथम काय करावे, घाबरलेल्या नातेवाइकांशी कसे बोलावे, असे प्रश्न सर्वांना सारखेच आणि लेखी विचारता येतील. त्यामुळे सेवावृत्तीची पारखही होईल आणि मर्जीला वावही उरणार नाही.

आणखी एक अपेक्षा रास्त आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत नोंदणीनंतर पाच वर्षांत एकेक विषय पूर्ण करण्याची मुभा असते. घरकाम, मजुरी किंवा आजाऱ्याची सेवा करीत अनेक स्त्री-पुरुष ही वाट चालतात. त्यांनी मिळवलेले गुण पाहावेत. ते मिळवायला किती वर्षे लागली, यावरून त्यांना कमी लेखू नये. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेत ज्याने शरीरशास्त्राचा धडा वाचला, त्याच्याजवळ दोन्ही अर्थांचे गुण असण्याची शक्यता अधिक आहे.

गुणपत्रिकेने शिक्षणाचे दार उघडावे. मात्र आत येणाऱ्याचे मोल ठरवताना तिच्यात न उमटलेले गुणही पाहावेत. रुग्णाचे हित त्यातच आहे.